टाकीच्या तोंडावरचं प्लास्टिक

आदिनाथ,

ट्रक चालू होऊन लगेच का बंद पडायचा, ते आज कळलं. डिझेलच्या टाकीचं झाकण हरवलं तेव्हा धूळ जाऊ नये म्हणून मीच तोंडाला प्लास्टिक घट्ट बांधलं होतं. आत हवा जाईना, म्हणून डिझेल पुढं येईना. आज ते सोडलं, तर इंजिन तासभर चाललं.

तुझ्या आईला दवाखान्यात नेताना पोखर्णीजवळ ट्रक अडला, तो यामुळंच. "तूच आईला मारलंस," असं तू ट्रक चालवणाऱ्या आपल्या भावाला, बजरंगला बोललास, तेव्हा मीही गप्प बसलो, आणि तो घर सोडून गेला.

तोंडानं सांगवेना, म्हणून लिहिलं. तुझ्या भावाला आणायला मानवतला चाललोय. प्लास्टिक सोबत नेतोय. तो आला तर ट्रकची किल्ली तुझ्या हातानं त्याला दे.

– बाबा