सिमेंटचं नाक

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलीच आहे. परवा विहार समितीची माणसं घरी आली होती. विहाराच्या दाराशेजारी ग्रॅनाइटची पाटी बसवायची आहे, त्यावर विहाराचा आणि मूर्तीचा इतिहास तुम्हीच लिहा म्हणाली. मी शाळेत शिकवते आणि शिवाय तुमची लेक. तुमचं नाव निघालं की अजून त्यांचे हात आपोआप जुळतात. जाता जाता एकाने आठवण करून दिली, "अन् टोल्यावरच्यायनं मूर्ती कशी फोडली, ते बी लिवजा, मॅडम." माझ्या हातातला चहा तसाच निवला.

मूर्ती आधी गावाबाहेर, बोडीच्या, त्या लहान तळ्याच्या, पाळीवर मोहाच्या झाडाखाली होती. टोल्यावरची, म्हणजे पलीकडच्या वस्तीतली, एक म्हातारी तिला आपला देव समजून तेल-शेंदूर लावायची. तिच्या सासूनेही लावला होता. थर एवढा चढलेला, की पाहणाऱ्याला नुसता लाल गोळा दिसे. लांब कान आणि मांडीवरचे हात पाहून हा बुद्ध आहे हे तुम्ही ओळखलंत, ते श्रेय मी कशाला नाकारू? तुम्ही मूर्ती मागायला गेलात तेव्हा मी सोबत होते, एकवीस वर्षांची, नुकतीच डी.एड. झालेली. म्हातारीने जराही भांडण केलं नाही. "ने बापा, तुमचा हाय तर तुमी ठेवा," म्हणाली. "पर खरवडू नोका. उन्हाळाभर जवसाचं तेल लावून ठेवा. शेंदूर आपल्या मनानं सुटते." तिने तुम्हाला दगडाचं काम शिकवावं, हेच तुम्हाला झोंबलं.

बुद्धपौर्णिमा आठ दिवसांवर होती आणि भंतेजी येणार होते. तुम्ही गोंडपिपरीपर्यंत नावाजलेले गवंडी, तुम्हाला कुठला धीर! मागच्या अंगणात पोत्यावर मूर्ती आडवी ठेवून तुम्ही छिन्नी चालवताय आणि मी घमेल्यात ढलप्या गोळा करतेय. खांदे, छाती सुरेख निघाली. मग चेहऱ्यावरची ढलपी उडाली आणि तिच्यासोबत नाक आणि वरचा ओठही घमेल्यात पडला. मी रडायला लागले तर म्हणालात, "चूप राय. कोनाले सांगशीन तर पाय!" दुसऱ्या दिवशी समितीची माणसं आली, नाक नाही हे पाहून हबकली. तुम्ही पापणीही न हलवता सांगितलंत, "त्यायनं फोडून वरून शेंदूर थापला होता." मग सिमेंटचं नाक बसवलंत, ओठ घडवलात आणि सोनेरी रंग मारलात. आज दूरदूरचे लोक त्या चेहऱ्यावरची शांती पाहून डोळे पुसतात. हात चांगला होता तुमचा. मन तेवढं कोतं.

पौर्णिमेला म्हातारी बाटलीत जवसाचं तेल घेऊन आली होती. विहाराच्या पायरीवरच लोकांनी तिला अडवलं, नाही नाही ते सुनावलं. तिने तुमच्याकडे पाहिलं. "मी फोडली का वो, भाऊ? तुमीच सांगा." तुम्ही पंचशील ध्वजाची दोरी सारखी करत होतात. "वंदनेले उशीर होऊन राह्यला," म्हणून आत निघून गेलात. पाच मिनिटांनी खोटं न बोलण्याचं शील म्हणताना सगळ्यांत चढा आवाज तुमचा होता. मला तेव्हा तुमची किळस आली, अजून येते. म्हातारी तो डाग घेऊनच मेली. टोल्यावरचं माणूस अजून आपल्या पटांगणात पाय ठेवत नाही.

काल मी मजकूर देऊन आले. म्हातारीने मूर्ती अखंड दिली, नाक तुमच्या छिन्नीने गेलं, तिच्यावर खोटा आळ तुम्ही घेतला, सगळं तुमच्या नावानिशी लिहिलं. समिती भडकेल, विहारातला तुमचा फोटोही उतरवेल कदाचित. उतरवू दे.

हे पत्र पाठवायचं कुठे, वहीतच राहील. म्हणून एवढं लिहिते. चेहऱ्यापाशी येऊन तुम्ही छिन्नी खाली ठेवली होती. "एवढं राहू दे, म्हातारी म्हने तसंच करू," असं म्हणाला होतात. तेव्हा मीच म्हणाले, "भंतेजीपुढं असं लाल तोंड ठेवता का, बाबा? मारा."

पाटीच्या मजकुरात हे मी घातलेलं नाही.