जिना झेपत नाही

प्रिय ताई,

दाराखालून सरकवलेलं पाकीट बघून दचकली असशील. एका गल्लीपलीकडे राहणारा भाऊ पत्र कसलं लिहितो, असं भावोजींना विचारूनही झालं असेल. तोंडावर बोलायलाच येणार होतो, पण तुझी रीत मला माहीत आहे. मी तोंड उघडायच्या आत तू ताट वाढतेस, आणि तुझ्या हातचं पोटात गेलं की माझा राग पाय पसरून झोपतो. आत्ता तो जागा आहे. तो जागा आहे तोवर लिहून घेतो.

आधी माझी खबरबात. मी परत आलो तेव्हा तू म्हणाली होतीस, पायाला भिंगरी लागलेला माणूस हा, किती टिकतोय बघू. टिकलो. जिममध्ये पूर्णवेळ पर्सनल ट्रेनर आहे, हे तुला सांगितलं होतं, पण तुम्ही ते ऐकलं नाहीत. भावोजी चारचौघांत सांगतात, मेहुणा लोकांकडून उठाबशा काढून घेतो. सगळे हसले की विचारतात, ते झालं, पण काम काय करतो? हेच करतो, ताई. उजाडायच्या आत शटर वर करतो. आधी ऑफिसला जाणारे येतात, मग मुलांना शाळेत सोडून आलेल्या बायका, आणि संध्याकाळी परत ऑफिसवाले, घामाने कमी आणि साहेबावरच्या संतापाने जास्त भिजलेले. माझं निम्मं काम कानांचं आहे. एक वकिलीणबाई आहेत, वजन हातात असेपर्यंत गप्प, खाली ठेवलं की सासूवर सुरू. त्यांचे दंड सासूने घडवलेत, मी नुसता आकडे मोजायला उभा असतो. एक नवरदेव आहे, त्याला लग्नाआधी फक्त छाती पाहिजे. फोटोत पाय येत नाहीत म्हणतो. त्याला म्हटलं, राजा, संसारात पायच लागतात, कधी पळायला, कधी पडायला. मालकांनी ऐकलं आणि मला कोपऱ्यात घेतलं, गिऱ्हाइकाला घाबरवू नकोस म्हणाले. याआधी मी जहाजावर भांडी घासली, तंबू ठोकले, एका तलावावर शिट्टी घेऊन बसलो, तिथं कुणी बुडेचना म्हणून मलाच काढलं. ती वेगळीच गंमत, तिच्यात शिरलो तर कागद संपेल.

तर दुपारी जिम ओस पडते. बाकीचे ट्रेनर चटयांवर घोरतात. त्या वेळेला माझं एक गिऱ्हाईक येतं. तू त्याला ओळखतेस. रोज त्याचं ताट झाकून तू खाली पाठवतेस.

हो, बाबा. त्यांना बागेत बाकावर बसवून आणतो असं मी तुला सांगितलं होतं, आणि तू म्हणाली होतीस, ने, पण लांब नको, त्यांना झेपत नाही. झेपत नाही हे तुझं वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की ते आता बाबांचं आडनाव वाटतं. बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, सगळं खरं. सगळ्यात वरचा मजला, लिफ्ट नाही, तेही खरं. म्हणून तात्पुरतं खाली दुकानात झोपू देत म्हणालीस. बंद पडलेल्या दुकानात, मुंडकी काढलेल्या शिलाई मशीनांच्या मधे, ज्या टेबलावर त्यांनी जन्मभर लोकांची मशीनं दुरुस्त केली त्याला खेटून त्यांची खाट पडली. मग तू त्यांना तपासणीला नेलंस. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, आता यांना चालवा, जिना चढवा. हे बाबांनी मला सांगितलं, तक्रार म्हणून नाही, डॉक्टरांचं कौतुक म्हणून. ते वाक्य घेऊन तू वर गेलीस आणि वाटेत कुठल्यातरी पायरीवर सांडून टाकलंस. कारण वर त्यांच्या खोलीत तोवर भावोजींच्या माशांच्या टाक्या लागल्या होत्या.

पहिल्या दिवशी जिममध्ये ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, खिशात कंगवा. बाकावरून हात न टेकता उठता येईना. मांड्या म्हणजे नुसत्या काठ्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी कान टवकारले आणि विचारलं, ती कोपऱ्यातली कप्पी कुरकुरते, तेल कोण घालतं तिला? कोणीच घालत नाही, म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुकानातली तेलाची झारी घेऊन हजर. आता मालक त्यांना उस्ताद म्हणतात आणि ते आले की आपली खुर्ची सोडून उठतात. तू शेवटची कधी उठलीस त्यांच्यासाठी, हे विचारणार नाही. विचारलं, बघ.

लोकांना वाटतं म्हाताऱ्या माणसाचा जोर गुडघ्यातून जातो. तो आधी मनातून जातो. पडलो तर उठवणार कोण, एवढा एकच प्रश्न पायांत बेडी होऊन बसतो. म्हणून मी त्यांना पहिल्यांदा चालायला नाही, जमिनीवरून उठायला शिकवलं. चटईवर झोपायचं, कुशीवर वळायचं, गुडघा घ्यायचा, बाक धरायचा, उठायचं. ज्या दिवशी एकट्याने उठले त्या दिवशी चटईकडे असं बघत होते, जणू तिलाच पाडलंय. मग चढ-उतार करायला बसकी फळी आली, मग जरा उंच, मग जिमच्या मागचा जिना. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा, हे मी त्यांच्याकडून घोकून घेतलं. त्यावर म्हणाले, तुला पाऊल टाकायला मी शिकवलं, आणि चांगला पाय पुढे टाकायला मला तू शिकवतोस? तुझ्या आईने ऐकलं असतं तर हसून पडली असती. आणि माझे हात त्यांच्या कमरेपासून वीतभर लांब. धरायचं नाही, नुसते ठेवायचे. या धंद्यातलं सगळ्यात जड काम ते आहे, ताई, कुठल्याही लोखंडापेक्षा जड. मी त्यांना उचलून वर आणू शकलो असतो, त्यांच्या दुप्पट वजन मी चहाच्या आधी उचलतो. पण उचलून आणलेला माणूस उचलून परत खाली ठेवता येतो.

मागच्या आठवड्यात तुम्ही दोघंही कामावर असताना आम्ही आपला जिना चढलो. प्रत्येक वळणावर ते थांबले, दम लागला म्हणून कमी, भिंत बघायला म्हणून जास्त. वरती पोचले आणि दारावरच्या पाटीवर अंगठा फिरवला. तिच्यावर आता भावोजींचं नाव आहे. म्हणाले, अक्षर सुबक काढलंय. आतून काहीतरी गुरगुरत होतं. कसला आवाज, विचारलं. म्हटलं, माशांच्या टाकीचा पंप, बाबा, तुमच्या खोलीत. थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, उजेडाची खिडकी आहे, माशांना आवडत असेल. किल्ली त्यांच्या खिशात होती, पण दार उघडलं नाही. लेक घरात नसताना कसं जायचं, म्हणाले. उतरताना दुखरा पाय आधी टाकला, बरोबर.

आई गेल्यावर मी झोपलो की तू मला खांद्यावर टाकून हाच जिना चढायचीस, हे मी विसरलेलो नाही. म्हणून तर जास्त झोंबतं. परक्याने केलं असतं तर चार शिव्या देऊन पुढच्या गावाला गेलो असतो. तू केलंस, म्हणून थांबलो. इतकी वर्षं कुठल्याच गावात टिकलो नाही. या गावात मला रागाने टिकवलं.

आता रविवारचं. भावोजींच्या वाढदिवसाचं जेवण आहे, त्यांच्याकडची सगळी मंडळी येणार, आणि नेहमीसारखी कुणीतरी बाबांची चौकशी करणार, आणि तू नेहमीसारखा सुस्कारा सोडून तेच, झेपत नाही, म्हणणार. या वेळी ते म्हणू नकोस, कारण ऐन पंगतीत दारावर टकटक होईल. बाबा येतायत, स्वतःच्या पायांनी. त्यांच्या मनात तुझ्याबद्दल तिळभर राग नाही. हे सगळं ते तुझ्यासाठी करतायत, ताई. तुला चकित करायचंय त्यांना. दुपारी फळीवर चढता-उतरता मला रंगवून सांगतात, आधी ती ओरडेल, मग रडेल, मग मलाच रागवेल, एकटे कशाला आलात म्हणून. तुला कळू देणार नाही, अशी त्यांनी माझ्याकडून शपथ घेतलीय.

ती शपथ मोडायला हे पत्र लिहिलं. चकित झालेला माणूस सुटतो, ताई. तो मिठी मारतो, ढसाढसा रडतो, पाहुणे टाळ्या वाजवतात, आणि संध्याकाळपर्यंत तूच गावातली सगळ्यात गुणी लेक ठरतेस. एवढ्या स्वस्तात मी तुला सोडणार नव्हतो. आता तुला माहीत आहे, आणि रविवारपर्यंत जिन्यातलं प्रत्येक पाऊल तुला ऐकू येणार आहे. आधीच खाली जाऊन त्यांची समजूत घालू नकोस, त्यांचा आनंद मोडेल आणि तो मोडल्याचं मला लगेच कळेल. दार तूच उघड. ओरड, रड, रागव, त्यांनी ठरवलंय त्याच क्रमाने. नीट कर, त्यांची नजर अजून सुईत दोरा ओवण्याइतकी आहे. रात्री ते वरच झोपणार, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस, सगळ्यांसमोर, आपणहून सुचल्यासारखं. माशांसाठी दुकानात भरपूर जागा आहे. बाबांना यातलं काहीही कधी कळणार नाही, ही माझी तुला शपथ, आणि ही मी मोडणार नाही. मी त्यांच्या एक पायरी मागे उभा असेन, हात त्यांच्या कमरेजवळ, आणि डोळे तुझ्या तोंडावर.

तुझाच,
खांद्यावर झोपणारा