चार बोटं कमी

दि. ४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू वहिनीला विचारतोस, म्हणून पत्रच लिहितेय. करवतीच्या आवाजाने कान गेले तुझे, डोळे तरी शाबूत आहेत ना?

बातमी अशी, की हे मागच्या महिन्यात निवृत्त झाले आणि दिवसभर माझ्या मागे मागे फिरायला लागले. मी भाजी चिरते तर म्हणे तुकडे सारखे नाहीत! शेवटी लेकीला दया आली (माझी, यांची नाही). तिने चार फुटांची काचेची पेटी पाठवून दिली आणि बाबांना म्हणाली, पुन्हा मासे पाळा. नळाचं पाणी एकदम माशांना चालत नाही, दोन दिवस साठवून ठेवावं लागतं, हे तुला ठाऊकच आहे. तेव्हा शंभर लिटरच्या दोन टाक्याही आल्यात. आता त्या उंचावर ठेवायला मजबूत लाकडी स्टँड हवा. हे तर टाकीला हात लावायला तयार नव्हते. कसेबसे कबूल झाले, तेही अटीवर. स्टँड दादांनीच करायचा आणि पाणी यांनी नाही, मी भरायचं.

एक गोष्ट तुला सांगायचीय. मला इतकी वर्षं वाटायचं, की शाळेने यांच्याकडून प्रयोगशाळा काढून घेतली. निरोपाच्या दिवशी मुख्याध्यापिका बोलता बोलता बोलून गेल्या, की यांनीच अर्ज देऊन ती सोडली होती. तू करून दिलेला टाक्यांचा जुना स्टँड कोसळला ना, त्याच महिन्यात. तू टाक्या पाऊणच भरा म्हणून बजावलं होतंस आणि हे विसरून काठोकाठ भरत बसले. ज्याला बजावलेलं लक्षात राहत नाही त्याने मुलांच्या हातात ॲसिडची बाटली देऊ नये, असं यांनी म्हणे अर्जात लिहिलं होतं. मग अकरा वर्षं भूगोल शिकवला. दादा, प्रयोगशाळा म्हणजे जीव की प्राण होता रे यांचा. आणि मला घरात राहून पत्ता नाही.

तेव्हा तू किती धावून आला होतास! मोडकं लाकूडसुद्धा आमच्या डोळ्यांसमोर नको म्हणून गाडीत घालून घेऊन गेलास. ते मी विसरलेले नाही. लवकर ये.

वहिनीला नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ठकी

दि. २० जून

चि. सौ. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. माझे कान काढतेस, पण तुझा आवाज कान नसतानाही ऐकू येतो, हे लक्षात ठेव.

स्टँडचं म्हणशील तर हल्ली बाजारात लोखंडी तयार मिळतात. दोन तासांत घरपोच, रंगासकट. लाकडाची आता ती प्रत राहिली नाही, आणि माझ्या गुडघ्यांचीही. शिवाय मास्तर पुन्हा पाण्याच्या नादाला लागणार म्हणजे तुमच्या खालच्या मजल्यावरच्यांनी आधीच होड्या घेऊन ठेवाव्यात. मास्तरांचा महापूर अजून लोकांच्या लक्षात आहे!

ते प्रयोगशाळेचं खरंच तसं आहे का? की त्या बाईंचा काही घोटाळा झाला असेल? पुन्हा एकदा नीट विचारून कळव. अर्ज खरोखर त्याच महिन्यातला का?

इकडे सगळं ठीक. जीव लावतेस तसा लावत राहा.

तुझा,
दादा

दि. २ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अर्ज त्याच महिन्यातला. यांनाच विचारलं. हो म्हणाले आणि पेपर वाचत बसले.

लोखंडी स्टँडचं नाव काढू नकोस, हे ऐकत नाहीत. दादांच्या हाताचं काम कधी दगा देत नाही, तेव्हाही चूक दादांची नव्हती, असं म्हणतात. आणि तो महापुराचा विनोद आता पुरे. लेकीच्या लग्नात तू शंभर माणसांत तो रंगवून सांगितलास तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हेच हसले. घरी येऊन जेवले नाहीत. मी तुला कधी बोलले नव्हते, आज बोलले.

यांनी तुला एक विचारायला सांगितलंय. तू ते पाऊण भरायचं नक्की कधी सांगितलंस? स्टँड बसवलास त्या सकाळी, की निघताना? तेव्हा यांच्या हातात काही होतं का, कुणाशी बोलत होते का? बाकी तो अख्खा दिवस यांना आठवतो. तुझ्या डाव्या अंगठ्याला पट्टी होती, तू दोन कप चहा घेतलास, हातोडी इथेच विसरून गेलास. एवढं एकच आठवत नाही. यांच्या वडिलांना उतारवयात काही म्हणजे काही आठवत नव्हतं, माणसं ओळखू येत नव्हती. आपलंही तसंच होणार, त्याची सुरुवात तेव्हाच झाली, असं यांनी मनाशी घेतलंय. रोज सकाळी वहीत काल काय काय केलं ते लिहून काढतात आणि मला तपासायला देतात.

दोनच ओळी लिही. यांच्या जिवाला जरा स्वस्थता मिळेल.

रागावले असले तरी तुझीच,
ठकी

दि. ११ जुलै

मास्तरांस,
स. न. वि. वि.

ठकीने तुमचा प्रश्न कळवला. उत्तर तिला न लिहिता तुम्हालाच लिहितोय. आठवडाभर नुसता कागद पुढ्यात घेऊन बसतोय.

मी बजावल्याचं तुम्हाला आठवत नाही, कारण मी बजावलंच नव्हतं. सकाळी नाही, निघताना नाही, कधीच नाही. तुमच्या आठवणीत काडीचाही दोष नाही.

झालं ते असं. चौथा पाय कापताना मी पेन्सिलीची चुकीची रेघ धरली आणि पाय चार बोटं कमी भरला. त्या जाडीचं लाकूड शिल्लक नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाचे दरवाजे द्यायचे होते. मग खालून तुकडा जोडला, सरस लावला, दोन स्क्रू पिळले आणि वरून फटीत लांबीचा लगदा भरून रंग मारला. माझं मलाच ओळखू येईना, इतकं बेमालूम. म्हटलं, घरचंच काम आहे, पुढच्या फेरीत पाय बदलून टाकू. घरचं म्हणून जास्त जपायचं, ते मी घरचं म्हणून ढकललं. वर्षभर टाक्यांचं पाणी ठिबकून त्या सांध्यात मुरत राहिलं. टाक्या काठोकाठ भरा नाहीतर पाऊण, तो पाय जाणारच होता.

मी आलो तेव्हा तुम्ही ओल्या फरशीवर बसून मासे बादलीत गोळा करत होतात. शेजारपाजारचे सगळे विचारत होते, कसं झालं. माझ्या तोंडून निघून गेलं, की मी तर पाऊणच भरा म्हणून बजावलं होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, आता हे नाही म्हणणार. तुम्ही म्हणालात, असेल, माझ्याच लक्षात राहिलं नाही. तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी तिथल्या तिथे कबूल केलं असतं, असं मी अकरा वर्षं स्वतःला समजावतोय. तेही खरं नसेल.

लाकूड उचलून नेलं ते तुमच्यासाठी नव्हे. तो पाय कुणी पाहू नये म्हणून. दुसऱ्याच दिवशी जाळला. महापुराचा विनोदही त्याचसाठी. लोक हसत असले की खोलात जात नाहीत. चार मासे गेले, पेटी फुटली, एवढंच नुकसान धरून मी चाललो होतो. प्रयोगशाळेचं मला खरंच माहीत नव्हतं हो.

सोबत नव्या स्टँडचा कागद जोडलाय. चौकट पायांच्या माथ्यावर बसवायची, बाजूला स्क्रूने टांगायची नाही. वजन लाकडाने पेलायचं, स्क्रूने नुसतं जागेवर धरून ठेवायचं. चारही पाय अखंड. तुम्ही हो म्हणालात तर मी येऊन करतो, नाही म्हणालात तर नाही.

माफ करा म्हणायला मला तोंड नाही. तरी म्हणतो. माफ करा.

तुमचा अपराधी,
दादा

दि. २८ जुलै

दादांस,
नमस्कार.

पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चक्क ओरडलो. तुमची बहीण अंघोळीला गेली होती. दाराबाहेर उभं राहून मी तिला सांगितलं, की मी विसरलो नव्हतो. दोनदा सांगितलं. तिला वाटलं, मला काहीतरी झालं. पत्र खिशात घालून फिरायला गेलो आणि येताना विनाकारण तीन पुडे बिस्किटं घेऊन आलो.

राग दुसऱ्या दिवशी आला, दाढी करताना. अर्धी दाढी तशीच ठेवून खुर्चीत बसून राहिलो. पाय कमी भरला, ते माफ. माझ्या हातूनही काही कमी परीक्षानळ्या फुटल्या नाहीत. मासे माफ. विनोदही माफ करून टाकला. प्रयोगशाळेपाशी येऊन अडलो.

परवा शाळेत गेलो. आता प्रयोगशाळेत नव्या बाई आहेत. फार अगत्याने त्यांनी आत नेलं, वाटलं तर रोज या म्हणाल्या आणि माझ्या हातात एक परीक्षानळी दिली. मी ती धुतली, पुसली आणि त्यांना परत दिली. मला करण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं. पायऱ्या उतरताना जिन्यातच रडलो, सांगायला लाज कसली.

तुमची बहीण तुम्हाला लिहीत नाही, ती नुसती तुमच्यावर रागावलीय असं समजू नका. अकरा वर्षं तीही मला विचारत आली, गॅस बंद केलात ना, दार लावलंत ना, राहू द्या, मी बघते. आता तिला स्वतःचीच शरम वाटते. मी समजूत घालतो, ती डोळे पुसते, आणि पुन्हा सवयीने तेच विचारते.

स्टँड झाला. जवळच्या एका सुताराकडून करून घेतला, तुमच्या कागदाबरहुकूम. मापं बिनचूक आहेत, त्याबद्दल आभार. रविवारी दोन्ही टाक्या मी स्वतः भरल्या. ती शेजारी नुसती उभी राहिली.

तुम्हाला बोलवावं, असं तिचं म्हणणं आहे. माझं अजून तसं नाही. तुम्ही खरं लिहिलंत, त्याला धीर लागतो, हे मला कळतं. पण मन तयार होत नाही, त्याला मी तरी काय करू?

शेवटी लोभ असावा लिहायची हाताला सवय. हे पत्र तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा तिथेच थांबलो. माझा तुमच्यावर फार लोभ होता, दादा. म्हणून तर त्या दिवशी मी माझ्या आठवणीवर विश्वास ठेवला नाही, तुमच्या शब्दावर ठेवला.

मास्तर