बर्फावरचे काटे, शुवैखची बनावट

हवल्ली, कुवेत
४ ऑक्टोबर २०२४

चि. विशाखास, काकाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं हं हं करतेस, म्हणून कागदावर लिहितोय. उस्मानभाई सुट्टीवर दापोलीला येताहेत. त्यांच्याबरोबर तुमच्या बर्फातल्या ट्रेकसाठी बुटांवर चढवायच्या काट्यांच्या दोन जोड्या पाठवल्यात. एक तुझी, एक तुझ्या मैत्रिणीची, सुरेखाची. साखळी स्टेनलेसची, काटे मी स्वतः घासलेले, वरचा पट्टा ट्रकच्या ट्यूबचा. शुवैखच्या आमच्या गॅरेजातले इंजिनीयर साहेब हसले. कुवेतमध्ये बर्फ कुठं पाहिलास, असं विचारलं. मी वाद घातला नाही. उस्मानभाईंच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बर्फाच्या लाद्या पसरल्या, त्यांचंच जाकीट घातलं आणि साहेबांसमोर चालून दाखवलं. तसूभर घसरलो नाही. तेव्हा भाड्याचे काटे घ्यायचे नाहीत.

बाकी नीट लक्षात ठेव. अंगाला सुती काही नको, घाम गोठतो. पाऊल सपाट टाकायचं. उन्हं वर आली तरी सावलीतल्या वळणावर बर्फ कडकच असतो, तिथं काटे उतरवायचे नाहीत. दुपार झाली की खिंड हाताशी असली तरी माघारी फिरायचं. दिवाळीनंतर तिकडे उत्तराखंडात मस्करी चालत नाही.

वहिनींना नमस्कार. माया आहेच, शिस्त तू ठेव.

तुझा,
शत्रुघ्नकाका


चिपळूण
१७ नोव्हेंबर २०२४

ती. काकांस, शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आम्ही परत आलो. मी धडधाकट आहे, सुरेखाचं मनगट प्लॅस्टरमध्ये आहे. तुम्ही सांगितलेलं सगळं पाळलं हो, अगदी आईने भरलेली सुती बनियनं पिशवीतच राहिली म्हणून तिची बोलणीही खाल्ली. पहाटे बाटलीतलं पाणी गोठलं होतं. खिंडीच्या अलीकडे, सावलीत, सुरेखा घसरली. खाली झुडूप होतं म्हणून अडकली. तिथूनच फिरलो.

तुमचे काटे झकास होते, काका. तिनेच टोचतात म्हणून काढले होते. तिच्या घरीही मी तसंच सांगितलं. आता तिचे बाबा म्हणतात, बर्फावर काटे काढणाऱ्या हलगर्जी पोरीला डोंगरात पाठवायचं नाही. मे महिन्यातला तिचा गिर्यारोहणाचा कोर्स रद्द करायला निघालेत. ती उलट बोलत नाही. मलाही अन्न गोड लागत नाही.

उस्मानचाचा निघालेत, म्हणून घाईत लिहिलं. रागावू नका, लोभ असू द्या.

तुमची,
विशाखा


हवल्ली, कुवेत
२५ नोव्हेंबर २०२४

चि. विशाखास, आशीर्वाद.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. निघायच्या आधी सुरेखाने फोन करून मला काट्यांबद्दल इतकं विचारलं होतं की मीच दमलो. ती पोरगी ऐन सावलीत काटे काढेल? पटेना.

उरलेला पट्टा उस्मानभाईंकडे मासळीच्या फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवला. सकाळी पाहतो तर लाकूड. बुटावर कसाबसा चढवला, पाऊल वाकवलं, तसा टाचेवरून निसटला. असाच निसटला ना गं तिचा?

अगं, मी पहिल्यांदा तपासला तेव्हा पट्टा गॅरेजच्या उन्हात तापलेला होता. तो गार व्हायच्या आत मीच कुडकुडून बाहेर आलो आणि मिशीला पीळ भरत फिरलो. साहेबांना परवा खरं सांगितलं. ते हसले असते तर बरं झालं असतं.

झुडूप नसतं तर, हा विचार डोक्यातून जात नाही. आणि तू माझा ताठा सांभाळायला त्या पोरीला हलगर्जी ठरवलंस. तीही गप्प राहिली. दोघींनी माझ्यावर केवढी माया केलीत, पण मला ती घशाखाली उतरत नाही.

सोबत सुरेखाच्या बाबांना वेगळं पत्र आहे. गॅरेजातला जहीर सुट्टीवर येतोय, तो आणून देईल. तू स्वतः त्यांच्या घरी जा, सुरेखाला शेजारी बसव आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच. पहिलंच वाक्य आहे, की तुमच्या मुलीचं पाऊल चुकलं नाही, माझं काम कच्चं होतं. तिथं आवाज बारीक करू नकोस.

तुझा,
काका