आयडलचा स्क्रू

सोमवार, ३ तारीख
रविवारी लेक नोकरीसाठी निघणार. सकाळची ट्रेन, स्टेशन तासाभरावर. टॅक्सी करते म्हणाली. मी म्हटलं, घरची गाडी असताना? गाडी जुनी आहे, पण ठणठणीत आहे. सिग्नलला बंद पडते एवढंच. आयडल, म्हणजे पाय काढल्यावरची इंजिनाची गती, थोडं वाढवलं की झालं. एका स्क्रूचं काम!

या नोकरीला मी नाही म्हटलं होतं. तेव्हापासून आमचं बोलणं 'जेवलीस का'च्या पुढे जात नाही. घरात जमत नाही, गाडीत जमेल. दोघंही समोर बघत असतो. त्या तासाभरात सांगून टाकीन, की तू जावंस असं वाटतं आणि जाऊ नयेस असंही वाटतं.

मंगळवार, ४. संध्याकाळ
कामाला लागलो. हत्यारांची पिशवी डॅशबोर्डखालच्या खुंटीला अडकवली. फार छान सोय. पूर्वीच्या लोकांना अक्कल होती.

इंजिन चालू केलं तर रेस भलतीच! नुसती बोंबाबोंब. म्हणजे स्क्रू आधीच जास्त आवळलेला. सैल केला. अजून सैल केला. आता ठीक वाटते.

बुधवार, ५
सकाळी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ठप्प. कोणीतरी हात लावलाय. चौकशी केली. ही म्हणाली, मी फक्त डॅशबोर्ड पुसला, तुमची पिशवी घरात आणली आणि ती बाहेर आलेली खुंटी आत ढकलली. घाबरली होती बिचारी. पुसण्याने गाडी बिघडत नसते, असं मीच समजावलं.

संध्याकाळी पिशवी खुंटीला, पुन्हा सुरुवात. पुन्हा बोंबाबोंब. समोरच्यांचं बाळ उठलं. दोष स्क्रूत नाहीच. लिंकेजमध्ये आहे.

गुरुवार, ६
लिंकेज म्हणजे पॅडलपासून कार्बोरेटरपर्यंतच्या दांड्या. सगळ्या सोडल्या. एक नट गटारात.
गॅरेजवाल्याला विचारा, असं हिचं म्हणणं. नाही. तो हसतो.

शुक्रवार, ७
दांड्या जोडल्या. एक वॉशर उरला. जास्तीचा असणार.
काळा धूर येतोय. हाताला पेट्रोलचा वास, भाताला पेट्रोलचा वास. लेक बॅग भरत होती. टॅक्सी सांगून ठेवू का म्हणाली. मी म्हटलं, बापावर विश्वास नाही? तिने बॅगेची चेन ओढली. मग विचारलं, जेवलीस का.

शनिवार, ८
रडकुंडीला आलोय. स्क्रू जवळजवळ निघून हातात आलाय, तरी या गाडीचा घसा बसत नाही. देवा, एक तास चालू दे. फक्त उद्याचा एक तास. मग खुशाल भंगारात घाल. मला कुठे बोलायचंय ते तुला माहीत आहे.

रविवार, ९. सकाळ
बॅगा डिकीत. लेक शेजारी बसली. गाडी बोंबलत उभी. मी म्हटलं, पिकअप बघ!

तिने खुंटीवरची पिशवी काढून पायाशी ठेवली आणि खुंटी आत ढकलली. म्हणाली, बाबा, हा चोक आहे, थंडीत गाडी चालू करायला आजोबा ओढायचे तो, बाहेर राहिला की रेस वाढते. इंजिन क्षणभर शांत झालं आणि मग कायमचंच शांत झालं. पुन्हा चालू करायला गेलो, होईना. घामाघूम. तिने घड्याळाकडे बघितलं आणि टॅक्सी बोलावली. खिडकीतून म्हणाली, जेवून घ्या.

रविवार, दुपार
खुंटी आतच ठेवून स्क्रू आवळला. एकदम गुणी बाळ! म्हणजे दोष स्क्रूतच होता. सोमवारचं माझं निदान बरोबर होतं, हे इथे लिहून ठेवतो.

एकटाच स्टेशनपर्यंत गेलो. एकाही सिग्नलला बंद पडली नाही. वाटेत सगळं बोललो, समोर बघत. जावंस ते आणि जाऊ नयेस तेही. बाजूच्या सीटवर पिशवी होती.

परत येताना लेकीचा फोन आला. गाडी कडेला घेतली. ट्रेन वेळेवर मिळाली, खिडकीची जागा आहे म्हणाली. मग जरा थांबली. मीही थांबलो. इंजिनचा आवाजसुद्धा येत नव्हता, इतकं सुंदर आयडल.

मी विचारलं, जेवलीस का.