काशीचा पांढरा धूर

१४ एप्रिल १९३१
पलीकडे आगरदांड्याच्या डोंगरावर भाताच्या रोपासाठी जमीन भाजायचे राब पेटायला लागले. सकाळपासून किती वेळा परसात जाऊन आले. काशीचं खाचर दोन ताडांच्या खाली, तिथे अजून काही नाही. ह्यांनी विचारलं, "आली का तुमची तार?" म्हटलं, नाही. "तारमास्तरणीला झोप लागली असेल." ह्यांना थट्टा सुचते. मी त्यांना कालचं आंबट ताक वाढलं.

१७ एप्रिल
आला. भांडी घासायला घेतली होती, सहज मान वर केली तर दोन ताडांच्या खालून सरळ वर चढत होता. पांढरा, दाट. बाकीच्यांचे राब करडे, कारण शेण, पातेरा, गवत, सगळं वाळलेलं. काशी शेवटी निरगुडीचा ओला भारा टाकते, म्हणून तिचा एकटीचा पांढरा.

शाळा सुटली त्या उन्हाळ्यातलं ठरलेलं आहे हे. तिला पलीकडे दिली, मला अलीकडे दिघीत, मध्ये खाडी. मुरुडला शाळेत एका सतरंजीवर बसायचो. ती शिपायाची मुलगी म्हणून तिला अगदी कडेला बसवत, आणि तिच्या पाटीवरचं गणित बघायला मिळावं म्हणून मी तिच्या शेजारी. तेव्हा म्हणाली होती, "पांढरा धूर दिसला का समज, काशी हाय." पोरी पोरींची गोष्ट. पण दोघींचे केस पिकायला आले, तरी एक साल चुकलेलं नाही.

मी लगेच नारळाची सोडणं पेटवली. माझा धूर काळा, तिचा पांढरा. ह्यांनी ओटीवर बसून खोकल्याचं सोंग केलं. आज चहात साखर जास्त घातली.

९ जून
पावसाळ्यासाठी खाडीवरची तर बंद, होड्यांची ये-जा थांबली. तरवाल्या हसनचाचाने होडी काठावर ओढून झावळ्यांनी शाकारली. आता नारळी पौर्णिमेपर्यंत पलीकडची बातमी नाही. जाता जाता काशीची करवंदं दिली, पानातच चिरडलेली. विचारलं, बरी आहे ना? "बरी हाय, वैनी."

हसनचाचाला विचारलं तर पलीकडे सगळे बरेच असतात. मागे एकीची सासू बरी हाय म्हणून सांगितलं, तर तिचं तेरावं उरकून गेलेलं.

५ जुलै
यंदा अधिक आषाढ. म्हणजे पौर्णिमा आणखी महिनाभर लांबली. चार दिवस डोंगर दिसलेला नाही, खाडीही अर्धीच दिसते. कपडे वाळत नाहीत, डाळीला वास येतो. पावसात धूर होत नाही, नुसता चुलीत कोंडतो. काशी काय करत असेल? लावणीत वाकलेली असेल, दुसरं काय.

२८ ऑगस्ट
नारळ वाहिला. तर सुरू झाली. पहिल्या फेरीला हसनचाचा पलीकडे जाऊन आला. "बरी हाय. जरा खोकते."

इतक्या वर्षांत 'बरी हाय'च्या पुढे तो आज पहिल्यांदा गेला. नारळीभात केला होता, सगळे म्हणाले छान झालाय. माझं पान तसंच राहिलं.

१० सप्टेंबर
जाऊन येते म्हटलं. ह्यांचं म्हणणं, गणपती तोंडावर आले, मग पितृपक्ष, मग सुपारीची तोडणी. बायकांनी घर सोडायचं म्हटलं की कॅलेंडरातले सगळे सण उठून उभे राहतात. रागावून नाही लिहीत. रागावूनच लिहिते आहे.

२६ नोव्हेंबर
काल गेले होते. भेटले. आज लिहिते, काल हात धजला नाही.

अंगणात बसली होती, वालाच्या शेंगा निवडत. मला बघून उठायला गेली आणि अर्ध्यातच खाली बसली. किती बारीक झाली आहे. काकण कोपरापर्यंत सरकतं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "काय गं यमे, नुस्ती फुगलीस की. सुपाऱ्या विकून खातेस का सुपाऱ्याच खातेस?" मी हसले. रडायचं सोडून दुसरं काहीतरी करायला हवंच होतं.

पांडू तिचा लेक, मुंबईला गोदीत आहे. दिवाळीला आला तेव्हा मुरुडच्या डॉक्टरकडे घेऊन गेला होता. छातीला धूर लागलाय म्हणे, धुरापासून लांब राहा. काशी म्हणते, "लांब र्‍हा म्हनं. चूल काय त्या डाक्टराची बायको येऊन पेटवनार हाय?" आणि हसता हसता खोकला लागला. थांबेचना. पाठ चोळायला हात ठेवला तर हाताला नुसती हाडं.

ती आत पाणी प्यायला गेली तेव्हा सून जवळ आली. हळूच म्हणाली, "मावशी, तुमी सांगा. चैतात राब भाजला तवा दोन दिस उठली न्हवती. आमी म्हनलो, आमी भाजतो, तू घरात बस. ऐकत न्हाय. म्हनते, निरगुडी मीच टाकनार. वाऱ्याच्या तोंडाला उभी र्‍हाते, धूर नीट चढतो का बघत."

मी इथे परसात उभी राहून आनंदाने सोडणं पेटवत होते. आणि तिकडे ती दोन दिवस उठली नाही.

बाहेर आली तशी मी तिचा हात धरला. म्हटलं, काशे, आता ओला पाला टाकायचा नाही. राबाजवळ जायचंच नाही. "येडी का काय तू." म्हटलं, माझ्या गळ्याची शपथ आहे. शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "मंग तुला कसं कळंल मी हाय ते?"

"कळेल."

"कसं?"

"हसनचाचा सांगेल की."

दोघी इतक्या हसलो. सून बघतच राहिली. "बरी हाय, वैनी," काशीने त्याचा आवाजसुद्धा काढला. पुन्हा खोकला. मग म्हणाली, बरं, न्हाय टाकनार. शपथ दिलीस तर दिलीस.

निघताना होडीपर्यंत आली नाही. दरवेळी येते. उंबऱ्यातूनच हात केला.

१५ जानेवारी १९३२
तिळगूळ पाठवला. बदल्यात वालाच्या शेंगा आल्या, कोवळ्या, एकसारख्या निवडलेल्या. हे निवडणं तिचंच. सुनेला इतका धीर नाही. बरं वाटलं. ह्यांनी शेंगा मडक्यात लावून पोपटी केली, भांबुर्डीचा पाला घालून. खाताना म्हणाले, "तुमच्या मैत्रिणीचा हात चांगला आहे." शेंगा काय ती घडवते? पण बोलले ते आवडलं.

१९ फेब्रुवारी
विहिरीच्या पायरीवर हे घसरले. मांडीचं हाड. वैदूने कांबी लावून बांधलंय, तीन महिने उठायचं नाही म्हणाला. आता ह्यांचं सगळं खाटेवरच. मी कसली कुठे जाते.

७ मार्च
शिवरात्र झाली. काशीकडून दरवर्षी रताळी येतात. यंदा आली नाहीत. हसनचाचा म्हणाला, "रताळी यंदा कमीच झाली." कुणी सांगितलं? "असं ऐकतो." काशी कशी आहे? "बरी हाय."

मी दार जरा जोरात लावलं. बिचारा म्हातारा. त्याचा काय दोष.

२१ मार्च
होळी उद्या, पण डोंगर आजच पेटला. सकाळी वरच्या अंगाला रेघ दिसत होती, दुपारपर्यंत सगळा माथा. वणवा. पापड वाळत घातले होते, त्यांच्यावर राख पडायला लागली. आधी वाटलं, पाखरांची पिसं. पलीकडचा काठ दिसत नाही, ताड दिसत नाहीत. डोळे चुरचुरतात, ह्यांना खोकला लागलाय. खरा. खाडीच्या अलीकडे ही गत, मग तिथे काय.

तिच्या छातीला हा सगळा डोंगर.

२३ मार्च
धूर तसाच. सूर्य तांबडा उगवतो आणि तसाच बुडतो. हसनचाचा म्हणतो, वरच्या वाड्यांची माणसं गुरं घेऊन बंदरावर उतरली. काही जण लाँचने मुंबईला लेकांकडे गेले. काशी? "गर्दी लई होती, वैनी. दिसली न्हाय." आणि थांबला. मी वाट बघत राहिले, बरी हाय म्हणेल. म्हणाला नाही.

मला त्याचा तो खोटा शब्द हवा होता.

२ एप्रिल
आग विझली. डोंगर काळा, झाडांचे नुसते खांब. दोन ताड आहेत, शेंडे जळलेले.

पांडूला मुंबईला पत्र टाकलं, आई तुझ्याकडे आली का म्हणून. त्याची खोली बदलली असं मागे ऐकलं होतं, जुन्याच पत्त्यावर टाकलं. काशीला वेगळं लिहिलं. तिला वाचता येतं, आमच्या दोघींत अक्षर तिचंच चांगलं. उत्तर नाही. पूर्वीही पत्राला उत्तर द्यायची नाही. म्हणायची, धूर करते तेवढा पुरे, कागदाला पैसे कशाला. आता तो धूरही मीच बंद केला.

१३ एप्रिल
आज एक गोष्ट लक्षात आली आणि हातातली कळशी तशीच राहिली. राब सुरू होतील. पांढरा धूर नाही दिसला, तर ती शपथ पाळते आहे म्हणून नाही, की ती नाही म्हणून नाही? मला कसं कळणार?

तिने विचारलं होतं. अंगणात बसून हेच विचारलं होतं. आणि मी विनोद केला.

१९ एप्रिल
खालच्या वाड्यांचे राब पेटले. वरचा पातेरा वणव्यात गेलेला, कुठून कुठून गोळा करून आणलाय लोकांनी. राब नाही तर रोप नाही. सगळे करडे धूर. दोन ताडांच्या खाली काही नाही.

ह्यांची खाट खिडकीशी सरकवली. दुपारी मी आत होते तर हाक मारली, "अहो, इकडे या." धावले. काही नव्हतं, दुसऱ्या कुणाचा होता. म्हणाले, "मला वाटलं तुमची तार." थट्टा नव्हती. दिवसभर तिकडेच डोळे लावून पडलेले असतात.

२४ एप्रिल
पांडूला टाकलेलं पत्र परत आलं. माणूस इथे राहत नाही.

हसनचाचाला म्हटलं, उद्या वर वाडीत जाऊन बघून या. त्याचे गुडघे सुजलेत, चढवत नाही. माणूस पाठवतो म्हणाला. मग म्हणाला, "वैनी, तुमीच या. मी नेतो. माज्या तोंडी नका घालू." असं का म्हणाला? विचारायचं धाडस झालं नाही.

२६ एप्रिल
सकाळी दोन ताडांच्या खाली धूर आला.

करडा. इतरांसारखाच. वाळल्या पातेऱ्याचा.

म्हणजे घर आहे, माणसं आहेत, राब भाजला. सुनेने भाजला असेल. काशीने ऐकलं माझं, आत बसून राहिली, दार लावून, तोंडाला पदर लावून. असंच असेल. शेवटपर्यंत बघत राहिले. दरवर्षी ओला भारा शेवटी पडतो. करड्याचा पातळ झाला, पातळाचा काही नाही. पाला पडला नाही.

मी कधीच आधी पेटवत नाही, तिचं बघून मग माझं. आज उलट केलं. परसातली होती नव्हती तेवढी सोडणं ओढून आणली आणि पेटवली. काळा धूर खाडीवर गेला. ती असेल तर दार उघडून बघेल. मला माहीत आहे, ती शपथ मोडून निरगुडी तोडायला निघेल, सुनेला शिव्या घालत. असं असेल तर मी तिला आज पुन्हा धुरात ओढते आहे. पाणी ओतून विझवायला गेले, मग नाही ओतलं.

हे म्हणाले, "उद्या पहिल्या तरीने जा." तुमचं कोण बघेल म्हटलं. "शेजारची काकू भात लावेल. मी कुठे पळतोय? जा तुम्ही. मला ह्या खिडकीतून बघवत नाही आता." त्यांना काशी दोनदा भेटली असेल सगळी मिळून.

आल्याच्या वड्या केल्या, खोकल्याला बऱ्या. गाठोडं बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. इतके महिने जायचं जायचं म्हणून ह्यांच्याशी भांडले, आणि आता कुणी अडवत नाही तर पाय उचलत नाही. इथे बसले आहे तोवर ती पलीकडे आहे.

ऊन उतरलं. वारा पडलाय. पांढरा धूर दिसू नये म्हणून देवापुढे हात जोडले, आणि दिसावा म्हणून अजून परसातून उठलेले नाही.