पाळकसाहेबांचा शंख

रेवदंडा, रविवार संध्याकाळ, १९३१

तो शंख तिथे ठेवला कोणी?

आमच्या चर्चचे नवे पाळकसाहेब घाटावरचे. समुद्र त्यांना अजून नवा. आज प्रार्थनेला आले तेव्हा शंख मेजावरच होता म्हणे. त्यांनी लगेच त्यावरच उपदेश सुरू केला. "पाहा, हे रिकामं घर. आतला जीव गेला, तरी घडवणाऱ्या देवाची खूण राहिली." छान बोलले. नेहमीच छान बोलतात, म्हणूनच मला संशय येतो. सृष्टी पाहून विश्वास वाढतो, असं सांगणारा हा माणूस स्वतः कधी काही पाहतो का, की सगळं पाठ?

एवढ्यात शंख चालायला लागला. आत खेकडा! इथल्या कोणीही आधी तो उलटा करून पाहिला असता. बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या. मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. असले चाळे ह्यांचेच.

पाळकसाहेब मात्र गुडघ्यांवर बसले, मेजावर हनुवटी टेकवली आणि त्या खेकड्याकडे नुसते बघत राहिले. उपदेश विसरलेच. "अरे देवा," एवढंच म्हणाले, तेही आम्हाला नव्हे. त्यांचं बोलणं मला पहिल्यांदाच खरं वाटलं, आणि माझेही हात आपसूक जोडले गेले. का, कोण जाणे.

घरी आल्यावर ह्यांना धरलं. "शंख तुम्हीच ठेवलात ना?"

"न्हाय गं. आज रविवारचं खोटं कशाला बोलू?"

"मग कोणी..." म्हणता म्हणता मला पाळकसाहेबांचं ते "अरे देवा" आठवलं, आणि माझे हात पुन्हा जोडले गेले.